'प्रकाशित करा' म्हटल्यावर काय काय घडते?

वर्डप्रेसवर मजकूर लिहिणाऱ्यांना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील 'प्रकाशित करा' हे निळे बटण चांगलेच परिचयाचे आहे. ते दाबले की लेख वाचकांना दिसू लागतो, एवढीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या एका टिचकीनंतर सर्व्हरवर कामांची मोठी साखळी सुरू होते. वर्गणीदारांना ई-मेल जाते, मोबाइलवर सूचना वाजते, मुखपृष्ठाची साठवून ठेवलेली जुनी प्रत पुसली जाते, शोधयंत्रांसाठीच्या सूचीत नव्या पानाची भर पडते आणि समाजमाध्यमांवर दुवा झळकतो. यांपैकी कोणतेही काम माणूस हाताने करीत नाही. मजकूर प्रकाशित होताच आपोआप चालणाऱ्या छोट्या छोट्या आज्ञावली ते करीत असतात. या आज्ञावली कोठे बसतात, केव्हा चालतात आणि कोठे फसतात, याची माहिती संगणकतज्ज्ञांप्रमाणेच बटण दाबणाऱ्या संपादकालाही असणे गरजेचे झाले आहे.

ही गरज किती खरी आहे, हे १६ नोव्हेंबर २०२० रोजी फ्रान्समध्ये दिसून आले. 'रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल' या नभोवाणी संस्थेच्या संकेतस्थळाचे एका आशय व्यवस्थापन प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत स्थलांतर सुरू असताना सुमारे शंभर मृत्युलेख एकाएकी प्रसिद्ध झाले. राणी एलिझाबेथ (द्वितीय), फुटबॉलपटू पेले, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर ही सारी मंडळी त्या वेळी हयात होती. मोठ्या व्यक्तींचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवण्याची प्रथा वृत्तपत्रसृष्टीत जुनी आहे, त्यात वावगे काही नाही. परंतु हे लेख संस्थेच्या स्वतःच्या पानांवरच थांबले नाहीत, तर गूगल, याहू यांसारख्या भागीदार संकेतस्थळांपर्यंतही पोहोचले. आपल्या घरातील पान आपण काढून टाकू शकतो, मात्र दुसऱ्याच्या दारात जाऊन पडलेला अंक परत मागविता येत नाही. संस्थेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

तारेवरचा आकडा

वर्डप्रेसचा जन्म २७ मे २००३ रोजी झाला. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेल्या 'बी२' या प्रणालीचे काम थांबल्यावर मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिच्यावरून ही नवी प्रणाली उभारली. तिचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असल्याने कोणीही त्यात हवा तो बदल करू शकत होता. अडचण एकच होती. मूळ फाइलमध्ये केलेला बदल पुढची आवृत्ती आली की पुसला जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सारे करावे लागे.

मे २००४ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीने यावर तोडगा काढला. मूळ कोडमध्ये ठिकठिकाणी 'हूक' ठेवण्यात आले. हूक म्हणजे आकडा. आपल्याकडे विजेच्या तारेवर आकडा टाकणे हा शब्दप्रयोग चोरीच्या अर्थाने रूढ आहे. येथे मात्र वीज कंपनीनेच खांबाखांबावर अधिकृत जोडण्या मोकळ्या ठेवाव्यात, तसा प्रकार आहे. मूळ कोड आपले काम करीत पुढे जातो आणि ठरावीक टप्प्यांवर 'आता लेख जतन झाला', 'आता लेख प्रकाशित झाला' अशी हाळी देतो. त्या हाळीवर आपले नाव आधी नोंदवून ठेवलेली प्रत्येक आज्ञावली मग क्रमाने चालविली जाते. नाव नोंदविण्याच्या आज्ञेला 'अ‍ॅड अ‍ॅक्शन' आणि हाळी देणाऱ्या आज्ञेला 'डू अ‍ॅक्शन' असे म्हणतात. याखेरीज 'फिल्टर' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात मूळ कोड एखादी वस्तू, उदाहरणार्थ लेखाचे शीर्षक, आपल्या हाती देतो आणि आपण ती हवी तशी बदलून परत करावी अशी अपेक्षा ठेवतो.

आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात, आणि त्यांच्यासाठी उपलब्ध असलेली हजारो 'प्लगिन' याच दोन प्रकारच्या आकड्यांवर टांगलेली आहेत.

जतन वेगळे, प्रकाशन वेगळे

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत होते ती या दोन क्रियांतील फरक न कळल्यामुळे. वर्डप्रेसच्या दृष्टीने प्रत्येक लेखाला एक 'स्थिती' असते. कच्चा मसुदा, तपासणीच्या प्रतीक्षेत, भविष्यातील वेळेसाठी राखून ठेवलेला, खासगी, प्रकाशित आणि कचरापेटीत, या त्यांतील प्रमुख होत. बटण दाबल्यावर डेटाबेसमधील लेखाच्या नोंदीत ही स्थिती बदलली जाते आणि त्यापाठोपाठ एकामागून एक हाळ्या दिल्या जातात. पहिली हाळी 'ट्रान्झिशन पोस्ट स्टेटस' ही नवी स्थिती कोणती व जुनी कोणती, हे दोन्ही सांगते. त्यानंतर 'पब्लिश पोस्ट' येते आणि मग 'सेव्ह पोस्ट'.

यांतील 'सेव्ह पोस्ट' ही लेख जतन होईल तेव्हा तेव्हा उमटते. लिहिता लिहिता प्रणाली स्वतःहून मजकूर जतन करते तेव्हा ती उमटते, आणि लेखाची जुनी आवृत्ती बाजूला काढून ठेवली जाते तेव्हाही उमटते. या हाळीवर कोणी ई-मेल पाठविण्याची आज्ञावली टांगली, तर अर्धवट लिहिलेल्या लेखाची वर्दी वाचकांच्या हाती पडणार हे उघड आहे. म्हणून जाणकार मंडळी आज्ञावलीच्या पहिल्याच ओळींत हे स्वयंचलित जतन आहे काय, ही जुनी आवृत्ती आहे काय, अशा चौकश्या करतात आणि उत्तर होकारार्थी आले की काहीही न करता बाहेर पडतात.

'पब्लिश पोस्ट' हे नाव त्या मानाने निर्धोक वाटते. परंतु खरा सापळा येथेच आहे. आधीच प्रकाशित असलेला लेख दुरुस्त करून पुन्हा जतन केला, तरीही ही हाळी उमटते, कारण लेखाची नवी स्थिती 'प्रकाशित' अशीच असते. रात्रपाळी केलेल्या कोणत्याही उपसंपादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बातमी घाईत चढविली जाते. मग पहिल्या परिच्छेदातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला जातो, थोड्या वेळाने छायाचित्राची ओळ बदलते, अर्ध्या तासाने मृतांचा आकडा. प्रत्येक दुरुस्तीगणिक हजारो वाचकांच्या मोबाइलवर तीच सूचना वाजत राहिली तर चौथ्या वेळी वाचक ती कायमची बंद करून टाकतो. दोष दुरुस्ती करणाऱ्याचा नसतो. हाळी निवडणाऱ्याने चुकीची हाळी निवडलेली असते.

योग्य मार्ग असा, की पहिल्या हाळीवर आज्ञावली टांगावी आणि नवी स्थिती 'प्रकाशित' असून जुनी स्थिती 'प्रकाशित' नव्हती, एवढे तपासूनच पुढे जावे. तरीही एक फट राहतेच. एखादी बातमी शंका आल्याने मसुद्यात परत घेतली आणि खात्री झाल्यावर पुन्हा प्रकाशित केली, तर स्थितीचा बदल दुसऱ्यांदा घडतो. त्यासाठी सूचना गेल्याची खूण त्या लेखाच्या नोंदीशेजारी कायमची करून ठेवावी आणि खूण दिसताच थांबावे. टपालखात्यात तिकिटावर शिक्का मारतात तो याच कारणासाठी.

आणखी एक प्रसिद्ध खड्डा आहे. 'सेव्ह पोस्ट'वर टांगलेल्या आज्ञावलीने त्याच लेखात काही बदल करून तो पुन्हा जतन केला, तर त्या जतनामुळे तीच हाळी पुन्हा उमटते, आज्ञावली पुन्हा चालते, पुन्हा जतन करते आणि हे चक्र सर्व्हर थकेपर्यंत फिरत राहते. उपाय साधा आहे. स्वतः जतन करण्यापूर्वी आपली आज्ञावली आकड्यावरून उतरवावी आणि काम झाल्यावर पुन्हा टांगावी.

अर्धवट लेखाची वर्दी

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत वर्डप्रेसचे लेखनपटल संपूर्ण बदलले. परिच्छेद, चित्र, अवतरण असे सुटे ठोकळे रचून लेख तयार करण्याची पद्धत आली. वरवर पाहता हा केवळ लेखकांच्या सोयीचा बदल होता, पण पडद्यामागे कामांचा क्रमही बदलला. नव्या पद्धतीत लेख आधी डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि त्याचे वर्ग, खूणशब्द व इतर पूरक माहिती त्यानंतर जोडली जाते. प्रकाशनाची हाळी मात्र या दोहोंच्या मध्येच उमटते. परिणामी 'क्रीडा' या वर्गातील लेखांची सूचना केवळ क्रीडावाचकांना पाठविणारी, वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारी आज्ञावली अचानक गप्प बसू लागली. ती पाहत असे तेव्हा लेखाला वर्गच चिकटलेला नसे. डिसेंबर २०२० च्या ५.६ या आवृत्तीत यासाठी 'डब्ल्यूपी आफ्टर इन्सर्ट पोस्ट' ही स्वतंत्र हाळी आली. लेख, वर्ग आणि पूरक माहिती असे सारे जागेवर बसल्यानंतरच ती उमटते. आज नव्याने लिहिणाऱ्याने प्रथम तिचाच विचार करावा.

पहाटे सहाची बातमी

बातमी रात्रीच लिहून ती पहाटे सहा वाजता प्रसिद्ध व्हावी अशी वेळ लावून ठेवण्याची सोय सर्वांच्या आवडीची आहे. मात्र वर्डप्रेसजवळ स्वतःचे घड्याळ नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. संकेतस्थळावर कोणी वाचक आला, की त्या निमित्ताने प्रणाली जागी होते, तोवर कोणती कामे राहून गेली आहेत हे पाहते आणि ती उरकते. मोठ्या दैनिकाच्या स्थळावर दर क्षणी वर्दळ असल्याने हे जाणवत नाही. एखाद्या लहान संस्थेच्या स्थळावर पहाटे सहा ते आठ कोणी फिरकलेच नाही, तर सहाची बातमी आठ वाजता निघते आणि तिच्यामागची सारी साखळीही तेव्हाच हलते. यावर उपाय म्हणून ही अंगभूत सोय बंद करून सर्व्हरच्या खऱ्या घड्याळाकडून, म्हणजे 'क्रॉन' या यंत्रणेकडून, दर काही मिनिटांनी प्रणालीला उठविण्याची व्यवस्था करतात. शिवाय वेळ लावलेला लेख प्रसिद्ध होतो तेव्हा कोणीही संपादक प्रणालीत शिरलेला नसतो. 'बटण कोणी दाबले' असे विचारून मगच चालणाऱ्या आज्ञावलीला तेव्हा शून्य एवढेच उत्तर मिळते.

दुसरा मुद्दा विलंबाचा. टांगलेल्या आज्ञावली बटण दाबणाऱ्याला ताटकळत ठेवूनच चालतात. लघुसंदेश पाठविणाऱ्या बाहेरच्या सेवेने उत्तर देण्यास वेळ लावला, तर संपादकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहते. एखादी आज्ञावली मध्येच कोसळली तर पडदा कोरा होतो. लेख मात्र तोवर प्रकाशित झालेला असतो. काहीच झाले नाही असे समजून बिचारा संपादक पुन्हा बटण दाबतो. त्यामुळे बाहेर जाणारी कामे लगेच न करता त्यांची केवळ रांगेत नोंद करावी आणि क्षणभराने ती स्वतंत्रपणे पार पाडावीत, हे शहाणपणाचे. वर्डप्रेस स्वतः दुसऱ्या संकेतस्थळांना वर्दी देण्याचे काम असेच रांगेत लावते.

मराठी मजकुराचे निराळे दुखणे

येथवरच्या अडचणी कोणत्याही भाषेत सारख्याच. देवनागरीत आणखी काही भर पडते. लेखाचे शीर्षक लिहिले की त्यावरून वर्डप्रेस पानाचा पत्ता आपोआप तयार करते. डेटाबेसमध्ये या पत्त्याला २०० चिन्हांची जागा असते. इंग्रजीला ती भरपूर झाली. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह मात्र पत्त्यात घालण्यासाठी टक्क्याच्या खुणा असलेल्या नऊ चिन्हांत बदलावे लागते, आणि येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'पुण्यात' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. यंत्र मात्र प, उकार, ण, हलन्त, य, काना आणि त अशी सात चिन्हे मोजते. 'पुण्यात आज मुसळधार पावसाची शक्यता' या साध्या शीर्षकाचा पत्ता 'पुण्यात-आज-मुसळधार-पावसा' येथेच तुटतो. हीच अक्षरे घेऊन दुसऱ्या दिवशी पावसाची दुसरी बातमी आली, की प्रणाली तिच्या पत्त्यामागे दोनचा आकडा लावते, तिसऱ्या दिवशी तीनचा. त्यासाठी अनेक जण लेख जतन होण्याआधीच्या फिल्टरवर एक आज्ञावली टांगतात. ती शीर्षकाचे रोमन लिप्यंतर करते किंवा लेखाचा क्रमांकच पत्ता म्हणून वापरते. रोमन पत्ता मराठी पानावर शोभत नाही, हे खरे. पण मित्राला पाठविलेला दुवा टक्क्यांच्या रांगेने भरलेला असण्यापेक्षा तो बरा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लघुसंदेशाचीही हीच कथा आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. त्याहून लांब संदेश तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. शिवाय भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेशांचे नमुने आधी नोंदवावे लागतात. म्हणजे आपल्या आज्ञावलीने तयार केलेला संदेश त्या नमुन्यात बसला नाही, तर तो पोहोचणारच नाही. लेखातील पहिली काही अक्षरे कापून सारांश तयार करणाऱ्या आज्ञावलीने मजकूर बाइट मोजून कापला, तर शेवटचे चिन्ह फुटते आणि वाचकाला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. चिन्हे मोजून कापला तरी जोडाक्षर अर्ध्यावर तुटून हलन्त लोंबकळत राहतो. मराठी मजकूर शब्दाच्या सीमेवरच कापावा, हा नियम प्रत्येक मराठी संकेतस्थळाने भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

एकाचे प्रकाशन, दुसऱ्याची बातमी

एका स्थळावर काही प्रसिद्ध होताच दुसऱ्या स्थळावरील आज्ञावली जागी व्हावी, ही कल्पनाही याच कुळातील. जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये तिला 'वेबहूक' हे नाव दिले. प्रकाशनाची हाळी येथे आपल्याच सर्व्हरमध्ये न राहता आधी नोंदवून ठेवलेल्या दूरच्या पत्त्यावर जाते.

हाळीवर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचे उदाहरण 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने पुरविले आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून भूकंपाची सूचना येताच बातमीचा मसुदा तयार करणारी 'क्वेकबॉट' ही आज्ञावली या दैनिकाचे पत्रकार केन श्वेन्के यांनी लिहिली होती. मार्च २०१४ मधील एका पहाटेच्या भूकंपाची बातमी तिच्यामुळे तीनच मिनिटांत प्रसिद्ध झाली आणि तिचे जगभर कौतुक झाले. त्या दिवशी मसुद्यावर नजर टाकून बटण दाबणारा माणूस होता. २१ जून २०१७ रोजी मात्र सँटा बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची वार्ता ट्विटरवर गेली. भूकंप खरा होता, पण तो १९२५ सालचा. संशोधक त्याच्या केंद्राचे स्थान दुरुस्त करीत असताना खात्याकडून सूचना निघाली आणि तिच्यावर साल पडले २०२५! चालू वर्ष २०१७ असताना आठ वर्षांनंतरचा भूकंप घडलाच कसा, एवढा प्रश्न आज्ञावलीने विचारला असता तरी पुरे होते. दैनिकाने ते ट्विट मागे घेऊन खुलासा केला.

हाळीचा गैरवापर जाणूनबुजूनही होतो. एका लेखात दुसऱ्याचा दुवा दिला, की प्रकाशनाच्या क्षणी त्या दुसऱ्याला आपोआप कळविणारी 'पिंगबॅक' ही वर्डप्रेसमधील जुनी सोय आहे. ज्याला वर्दी मिळते, तो दुवा खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी पहिल्याचे पान मागवितो. मार्च २०१४ मध्ये हल्लेखोरांनी खोट्या वर्दी पाठवून १ लाख ६२ हजारांहून अधिक वर्डप्रेस स्थळांना एकाच संकेतस्थळाचे पान मागावयास लावले. इतक्या मागण्यांखाली ते स्थळ कोलमडले. ज्यांच्या स्थळांचा वापर झाला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

उसन्या आज्ञावलींचा धोका तर याहून जवळचा. आकड्यावर टांगलेली प्रत्येक आज्ञावली मूळ प्रणालीच्याच अधिकाराने चालते. तिला वेगळे कुंपण नसते. डिसेंबर २०१७ मध्ये तीन लाखांच्या आसपास स्थळांवर बसविलेल्या 'कॅप्चा' या प्लगिनमध्ये चोरवाट आढळली. मूळ लेखकांनी प्लगिन विकल्यानंतर नव्या मालकाने ती नेहमीच्या सुधारित आवृत्तीतून घुसविली होती.

कोठे ठेवावी?

स्वतःची आज्ञावली लिहिणारे अनेक जण ती संकेतस्थळाच्या रंगरूपाच्या, म्हणजे 'थीम'च्या फाइलमध्ये ठेवून मोकळे होतात. वर्षभराने रूप बदलले की सूचना बंद पडतात आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. अशा आज्ञावलीचे स्वतंत्र प्लगिन करावे. ती कोणीही चुकून बंद करू नये असे वाटत असेल, तर 'एमयू-प्लगिन्स' नावाचा फोल्डर त्यासाठीच आहे. त्यातील आज्ञावली नेहमीच चालू राहतात. द्रुपल, जूमला या प्रणालींतही असेच आकडे आहेत, केवळ नावे निराळी.

आज्ञावलीची चाचणी संकेतस्थळाच्या प्रतिकृतीवर करण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. मात्र प्रतिकृती करताना डेटाबेसही जसाच्या तसा उतरविला जातो, आणि त्यात वर्गणीदारांचे खरे ई-मेल पत्ते व मोबाइल क्रमांक असतात. 'चाचणी, दुर्लक्ष करावे' अशा शीर्षकाचा संदेश मध्यरात्री ज्यांना ज्यांना आला असेल, त्यांनी अशाच एखाद्या प्रतिकृतीवरील बटणाचा आवाज ऐकला आहे. प्रतिकृती उभी करताना सर्वप्रथम बाहेर जाणारी ई-मेल आणि लघुसंदेशाची किल्ली काढून घ्यावी, मगच 'प्रकाशित करा' म्हणावे.